आटे

इंगवल्यांनी डबा उघडला. आत
मक्याच्या कणसाएवढी काळी नळी,
तेलकट फडक्यात गुंडाळलेली,
तिच्याखाली परवान्याचा कागद, शिक्क्यावर शिक्का.
त्या दुपारी रेंजवर आम्ही चौघंच:
ते, शाहिस्ता मॅडम, मी,
आणि आबा, जे मला स्कूटरवरून सोडायला येतात
नि मागच्या बाकावर बसून शेंगा सोलतात.

आबांनी उद्यमनगरात एकतीस वर्षं लेथ चालवली.
भिंतीपलीकडे पॉवर हॅमर.
घण पडला की कपातल्या चहावर वर्तुळं उठायची.
संध्याकाळी शटरं उतरतात तसे
त्यांचे कान उतरत गेले, एकेक,
कुणाच्या ध्यानातही न येता.
आधी चिमण्या गेल्या. मग कुकरची शिट्टी.
मग मी.

इंगवल्यांनी बावीसच्या तोंडावरची टोपी काढली.
खाली आटे, इतकी वर्षं हवा न लागलेले.
आबा उठून आले. न विचारता नळी उचलली,
अंगठ्याचं नख आत फिरवलं, डोळे मिटून,
आणि बहिरी माणसं बोलतात तसं, अख्ख्या रेंजला ऐकू जाईल असं:
"अर्धा इंच, वीस आटे! पाना न्हाई लावायचा.
चेंबर रिकामं हाय न्हवं?"
मॅडमनी बोल्ट मागे ओढून दाखवला. त्यांनी बोट घालूनही पाहिलं.
मग नळी फिरू लागली, दोनच बोटांत,
दुधाच्या किटलीचं झाकण फिरावं तशी.
शेवटचा अर्धा फेरा माझ्या हातात दिला.
"जिथं थांबंल तिथं थांब."

मॅडम म्हणाल्या, बोळे घाल तरी.
मी एकच घातला.

खट्.

एवढंच. पाटीवर पेन्सिल मोडावी तसं.
आणि मग त्या एरवीच्या आवाजाखाली
इतकी वर्षं चेपून बसलेलं एकेक वर आलं:
पुंगळी सिमेंटवर तीन उड्या मारून
स्वतःभोवती फिरली.
पन्नास मीटरवर कागद फाटल्याचं
मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.
बांधापलीकडे उसात कुणी बाई म्हणत होती,
"कळशी कुठं ठिवलीस रं?"
गुऱ्हाळाचं इंजिन. माझा श्वास,
जो मी धरून ठेवलाय अशी माझी समजूत होती.

दुर्बिणीत भोक दोन बोटं खाली.
"नळीचं वजन," इंगवले म्हणाले, "तोंड खाली ओढते.
तिला गृहीत धरून नेम धरायचा."
मॅडम हसत होत्या. मीही. कुणीतरी
चोरून पेढा दिल्यासारखे आम्ही तिघं एकमेकांकडे बघत होतो.

आबा बघत होते उसाकडे.
शेंग तशीच, अर्धी सोललेली.
"काय गं, उडाली न्हाई व्हय?"

उडाली की, मी खुणेनं सांगितलं. कागद दाखवला.
त्यांनी भोकात करंगळी घातली. पटलं नाही.
"मग बगळं का बसल्यात?"

मी पाहिलं. उसाच्या शेंड्यांवर
सात-आठ बगळे, वाळत घातलेल्या रुमालांसारखे.
रोज पहिल्या गोळीला ते उठतात. मला माहीत होतं,
म्हणजे माहीत नव्हतं.
चार वर्षं हा माणूस त्या बाकावर बसून
माझी प्रत्येक गोळी
तिकडं, आभाळात ऐकत होता.

रायफल रिकामी केली. नळी उलटी फिरवली,
किंचित कोमट. इंगवल्यांच्या हातात दिली.
ते काही बोलले नाहीत, फडकं पुढं केलं.
टोपी नाही लावली. एक गोळी भरली.
दुसऱ्या कानातही बोळा घातला,
आणि त्या उघड्या आट्यांवरून
वाजवली.

पांढरं सगळं एकदम वर.

"हां," आबा शेंग फोडत म्हणाले,
"ही बसली."